सोसायटीच्या पंपरूममध्ये आठवडाभर व्होल्टेज नोंदवायचंय: लॉगिंग मल्टिमीटर चालेल की डेटालॉगरच हवा?

एक फेज, एक-दोन दिवस, एवढंच असेल तर मल्टिमीटर पुरेल. तिन्ही फेज आठवडाभर हव्यात तर डेटालॉगर (अनेक इनपुट एकाच घड्याळावर आपोआप नोंदवणारं यंत्र) घ्या. तीन मल्टिमीटर लावले तर त्यांची घड्याळं जुळवत बसावं लागतं.

मल्टिमीटरचा ऑटो पॉवर ऑफ आधी बंद करा, नाहीतर नोंदी मध्येच थांबतील. रेंज ऑटोवर न सोडता पक्की ठेवा, बॅटरी नवी घाला. 10 सेकंदांना एक नोंद म्हणजे आठवड्याला 60,480. मेमरीत मावतात का बघा. पंप सुरू होताना व्होल्टेज क्षणभरच कोसळतं, ते या नोंदींत बहुधा निसटतं. त्यासाठी किमान-कमाल टिपणारा मोड हवा.

डेटालॉगरमध्ये खरी गोम इनपुटची. बऱ्याच लॉगरना जेमतेम 10 व्होल्ट चालतात. थेट 230 दिलेत तर लॉगर गेला, आणि जोडलेला लॅपटॉपही जाऊ शकतो. मधे व्होल्टेज ट्रान्सड्यूसर (230 व्होल्टचा लॉगरला चालेल एवढा लहान सिग्नल करणारं उपकरण) घाला. पॅनेलवर कॅट थ्री (इमारतीच्या पॅनेल-वायरिंगसाठीचा सुरक्षा दर्जा), 600 व्होल्ट रेटिंगच्याच प्रोब वापरा. जोडणी लायसन्सवाल्या वायरमनकडून, सप्लाय बंद करून.

मुंबईच्या पावसाळ्यात क्रोकोडाइल क्लिपांवर भरवसा नको, गंजल्या की रीडिंग नाचतं. वायरीच्या टोकाला लग (दाबून बसवायचं धातूचं टोक) मारून स्क्रूखाली घट्ट करा. मीटर आयपी 65 (धूळ-पाणी आत न येऊ देणाऱ्या) डब्यात, सोबत सिलिका जेल, वायरी खालून ग्लँडमधून (वायरीभोवती घट्ट बसणारं सील).