हजेरीपटावरचे सैन्य

प्रश्न : युद्धानंतर जपान उभा राहिला, मग वीस वर्षे परकीय मदत मिळूनही अफगाणिस्तानातील राज्यव्यवस्था २०२१ मध्ये इतक्या झटपट का कोसळली?

उत्तर : ही तुलना नेहमी केली जाते आणि ती फसवी आहे. १९४५ मध्ये जपानची शहरे बेचिराख झाली होती, तरी तिथली नोकरशाही आणि साक्षर प्रजा शाबूत होती. राज्ययंत्रणा नव्याने घडवायची नव्हती, तिची दिशा बदलायची होती. अफगाणिस्तानात ती २००१ पूर्वीच्या दोन दशकांच्या युद्धात मोडून पडली होती. त्यातच २००४ च्या राज्यघटनेने सत्ता काबूलमध्ये एकवटली, प्रांतांचे गव्हर्नरही राष्ट्राध्यक्षच नेमत. सरकारी खर्चाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग परदेशी अनुदानातून भागत असे, आणि ज्या सरकारला प्रजेकडे कर मागावा लागत नाही ते हिशेबही देणगीदारालाच देते. सैन्याचेच पाहा : हजेरीपटावर नाव, दरमहा पगार, पण जागेवर माणूसच नाही, अशा ‘भूत सैनिकां’चे वेतन वरिष्ठांच्या खिशात जाई. उरलेल्यांना आधार होता तो हवाई दलाचा, पण त्याच्या विमानांची देखभाल बहुतांशी परदेशी कंत्राटदारांकडे सोपवलेली होती. ते कंत्राटदार मायदेशी परतले, हा आधारही गेला आणि १५ ऑगस्टला तालिबानी काबूलमध्ये शिरले.