दसऱ्याचा झेंडू खरंच परदेशी आहे का?

हो, खरंच. आपण दाराला तोरण लावतो, गाडीला हार घालतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिकडे त्याला सेंपासूचिल म्हणतात, जुन्या नाहुआत्ल भाषेतला शब्द, अर्थ साधारण 'वीस फुलं', म्हणजे भरगच्च पाकळ्यांवरूनच पडलेलं नाव असणार. आणि गंमत बघा, आपल्याकडे जे फूल शुभकार्याचं तेच तिकडे मेलेल्या माणसांचं, १ आणि २ नोव्हेंबरला पितरांसाठी घरात मांडणी करतात तेव्हा पाकळ्यांची वाट घालतात, रंग आणि वासाच्या मागावर आत्मे घरी येतात अशी समजूत. थोडक्यात त्यांचा पितृपक्षच म्हणा ना!

स्पॅनिश लोकांनी १६व्या शतकात तो युरोपात नेला आणि आपल्याकडे पोर्तुगीजांमार्फत आला असं मानतात. इंग्रजीत याला चक्क आफ्रिकन मेरीगोल्ड म्हणतात, आफ्रिकेचा मूळ संबंध शून्य.

बाय द वे निशिगंध आणि गुलबक्षीसुद्धा अमेरिका खंडातलीच. आपट्याची पानं मात्र अस्सल इथली, काळजी नको. आणि बागेत टोमॅटोजवळ झेंडू जरूर लावा, मुळांवरच्या सूत्रकृमींना, म्हणजे मातीतल्या अगदी बारीक किड्यांना, आळा बसतो.