वाचक विचारतात : संगीताच्या नोटा कागदावर दाटीवाटीनं काऊन बसतात?

प्रश्न : सर नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या एका गावी शाळेत आहे, २६ जानेवारीसाठी पोरांचं बँडपथक बसवून राहिलो. मी हार्मोनियम शिकलो भातखंडे पद्धतीनं, स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची इंग्रजी स्वरलिपी, आत्ता आत्ता. लिलीपॉन्डमध्ये (स्वरलिपी छापायचं कॉम्प्युटरवरलं सॉफ्टवेअर) चाल टाइप केली तर साध्या बारांत, म्हणजे उभ्या रेघांमधल्या खणांत, नोटा ऐसपैस, अन् दोन-चार बारांत सिक्स्टीन्थ, म्हणजे छोट्या जलद नोटा, आल्या तिथं एकमेकीच्या मांडीवर बसल्यावानी. क्लॅरिनेटवाली पोरगी म्हणते गुरुजी दिसतच नाही. मधात स्पेस बार दाबून जागा सोडून पाहिली, फरक शून्य. वरून शेवटची ओळ दोनच बारांची, ती पार पानभर ताणली. काय करू?

उत्तर : गुरुजी, स्पेस बारचं पह्यले सांगतो, कारण सगळे तिथंच फसतात, मीही फसलो होतो. फाइलमध्ये एक जागा सोडा की पन्नास, लिलीपॉन्डला ते एकच. कागदावरचं अंतर तो स्वतः मोजतो, नोट किती वेळ वाजते त्यावरून.

आता तुमची भातखंडेची सवय आडवी येते ती अशी, की तिथं एक मात्रा म्हणजे एक घर अन् घरं सारखी, जलद स्वर त्याच घरात कोंबून खाली अर्धचंद्र काढला की झालं. स्टाफमध्ये तसं नसते. पाच रेघांतल्या दोन रेघांमधली फट हे माप धरा, सगळ्यात छोटी नोट म्हणून जी धरली तिला २.४ फटी मिळतात, तिच्या दुपटीला ३.६, चौपटीला ४.८, म्हणजे वेळ दुप्पट झाला की जागा दुप्पट नाही, फक्त १.२ नं वाढते. सिक्स्टीन्थ छोटी धरली तर चार सिक्स्टीन्थना मिळून ९.६ लागतात अन् तेवढ्याच वेळाच्या एका क्वार्टरला ४.८. म्हणून गर्दीचा बार रुंद दिसणार, ते बरोबरच आहे.

मग तुमच्याकडं उलटं काऊन झालं? तर छोटी नोट कोणती हे लिलीपॉन्ड बहुमतानं ठरवतो. प्रत्येक बारातली सगळ्यात छोटी नोट पाहतो, अन् जी जास्त बारांत निघाली ती धरतो (क्वार्टरएवढी मोठी मात्र धरत नाही, तिथं स्वतःचं ठरलेलं थोडं छोटं माप घेतो). तुमच्या चालीत क्वार्टरचेच बार जास्त, बिचाऱ्या सिक्स्टीन्थ अल्पमतात गेल्या. तवा छोटी नोट सिक्स्टीन्थच धर, असं लिलीपॉन्डला सांगून टाका. फाइलच्या लेआउट नावाच्या भागात, स्कोअर कॉन्टेक्स्टच्या (अख्ख्या चालीला लागू होणाऱ्या सेटिंगच्या) आत ओव्हरराइड, म्हणजे मूळ सेटिंग बदलायची ओळ, लिहा, स्पेसिंगस्पॅनर डॉट बेस-शॉर्टेस्ट-ड्युरेशन, अन् किंमत एलवाय-कोलन-मेक-मोमेंट १/१६. (टाइप इंग्रजीतच करायचं बरं, इथं उच्चार देतोय. स्पेसिंगस्पॅनरचे दोन्ही एस कॅपिटल, मधात जागा नाही, एवढ्यावरून माझी एक रात्र गेली आहे.) याच्यानं सगळीच चाल मोकळी होते, ओळीत बार कमी बसतात, एखादं पान वाढते, वाढू द्या. एवढ्यानं नाही भागलं तर त्याच स्पेसिंगस्पॅनरचं स्पेसिंग-इन्क्रिमेंट १.२ वरून १.५ करून पाहा.

अन् कपाशी डोबताना दोरीवर गाठी मारून धरतो तसं अगदी सारखं अंतर हवं असंल, तर प्रपोर्शनलनोटेशनड्युरेशन (मधात डॅश नाही) नावाची वेगळी सेटिंग आहे, वेळ दुप्पट तर जागाही दुप्पट. पोरांना मात्रा समजावताना फळ्यावर छान, बँडच्या कागदाला मी नाही वापरणार, लांब नोटेपुढं नुसतं रिकामं वावर पडते.

शेवटच्या ओळीचं सोपं आहे, लेआउटमध्येच रॅग्ड-लास्ट ट्रू करा, ती ताणणं सोडंल. सगळ्याच ओळी मोकळ्या सोडायच्या तर रॅग्ड-राइट, पण ते मोठ्या चालीत बरं दिसत नाही.

एक तुम्ही लिहिलं नाही पण विचारतो, खाली गाण्याचे शब्द टाकलेत का? टाकले असतील तर पह्यले ते काढून पाहा. आपली जोडाक्षरं रुंद, अन् अख्खा शब्द एकाच नोटेखाली टाकला की तो शेजारच्या नोटेला ढकलतो, अन् माणूस दोष देत बसतो स्पेसिंगला. शब्द दोन डॅश देऊन तोडा, डॅशच्या दोन्हीकडं जागा सोडून, अन् लिरिकटेक्स्टचा (गाण्याच्या शब्दांच्या सेटिंगचा) फॉन्ट-साइज उणे एक करा. फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह पाहिजे, नाहीतर देवनागरीचं भजं होते.

प्रिंट काढायला तालुक्याला जाल तेव्हा दुकानदाराला म्हणा ‘फिट टू पेज’ बंद कर. माझे एकदा बारा कागद असे बारीक होऊन आले, घरी येईपर्यंत लक्षातच नाही आलं, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटी. आधी एकच कागद काढा, स्टँडवर लावा अन् त्या क्लॅरिनेटवाल्या पोरीला उभ्यानं वाचू द्या. तरी दिसलं नाही तर स्टाफ साइज, म्हणजे पाच रेघांचं माप, २० असते ती २२ करा.