लेकीला उंदरांवर रिसर्च करायचाय, आजी नको म्हणतात

ताई नमस्कार, पत्र दोनदा वाचलं. लेक बीएस्सी बायोटेक थर्ड इयरला, तुमच्या भावाच्या बाळाची पित्तनलिका बंद निघाली तेव्हापासून लिव्हरवरच रिसर्च करणार म्हणते, आणि सासूबाई म्हणतात गणपतीचं वाहन मारून करिअर करायचं का. आजींचं म्हणणं उडवून लावू नका, हा प्रश्न लेकीनेही स्वतःला विचारलाच पाहिजे.

बाळाची शी चुन्यासारखी पांढरी व्हायची असं तुम्ही लिहिलंय, ती पित्त आतड्यात उतरतच नाही म्हणून. ते लिव्हरमध्येच तुंबतं आणि लिव्हर आतून खराब होत जातं. जपानच्या डॉ. कासाईंचं ऑपरेशन आहे, बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत झालं तर जास्त फायदा, पण तरी पुष्कळ मुलांना पुढे ट्रान्सप्लांट लागतं. आता हे मुळात सुरू कसं होतं ते तान्ह्या बाळात बघणार कसं? म्हणून मग जन्मून एक-दोन दिवसच झालेल्या उंदराच्या पिल्लांना माकडातला रोटाव्हायरस देऊन तसाच आजार उभा करतात, किंवा मोठ्या रॅटची पित्तनलिका रेशमी दोऱ्याने बांधतात. गंमत बघा, रॅटला पित्ताशयच नसतं, आणि माऊसचं, म्हणजे छोट्या उंदराचं, पित्त आपल्यापेक्षा सौम्य असतं, त्यामुळे तिथे दिसलेलं जसंच्या तसं माणसाला लावता येत नाही, हे ओळखणं हाच या कामातला खरा अभ्यास.

सगळं उंदरांवरच चालतं असंही नाही. ऑस्ट्रेलियात 1964, 1988 आणि 2007 मध्ये दुष्काळात गाभण मेंढ्यांनी एक रानटी झाड खाल्लं आणि कोकरं हाच आजार घेऊन जन्मली, त्या झाडातलं विष शोधून काढलं ते झेब्राफिश नावाच्या छोट्या माशाच्या पिल्लांवर तपासून तपासून.

माझं स्पष्ट मत, एमएस्सीचा फॉर्म भरायच्या आधी तिने अॅनिमल हाऊस, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात ती जागा, बघावी. गड्ड्याची जत्रा झाली की सोलापुरातल्या फार्मसी कॉलेजांत चौकशी करा, रजिस्टर्ड अॅनिमल हाऊस कुठे आहे आणि महिनाभर येऊ देतील का. सुरुवातीला पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, मग शेपटीच्या बुडाशी धरून मानेची सैल कातडी चिमटीत पकडायला शिकायचं, हात थरथरतो सगळ्यांचाच. आणि प्रयोग संपल्यावर ज्याला रोज खायला घातलं त्यालाच भुलीचा जास्त डोस द्यावा लागतो. हे तिला आत्ताच कळू दे. इथिक्स कमिटीच्या परवानगीशिवाय एकाही प्राण्याला हात लावता येत नाही, किती प्राणी आणि का, याचा हिशोब द्यावा लागतो. नाहीच जमलं तर पेशींवरचं काम आहे, पेशंटवरचा क्लिनिकल रिसर्च आहे, लिव्हर सुटत नाही.

रस्ता सांगायचा तर एमएस्सीसाठी गॅट-बी आणि सीयूईटी पीजी या दोन्ही प्रवेशपरीक्षा द्या, मग नेट परीक्षा. त्यातून जेआरएफ, म्हणजे रिसर्चसाठीची फेलोशिप, मिळाली की महिना 37,000 पासून सुरू होतं, पैशाची काळजी तेवढी कमी. पुढे दिल्लीचं आयएलबीएस, म्हणजे लिव्हरच्या आजारांवरची संस्था, डोळ्यासमोर ठेवावं.

आजींशी मात्र तिलाच बोलू द्या, तुम्ही मध्ये पडू नका. त्या बाळाला रोज न्हाऊमाखू आजीच घालायच्या ना, मग ती पांढरी शी त्यांनीही पाहिलीय.