अनामत, शुल्क आणि गुल झालेलं डिपॉझिट

परळच्या एका अनुवादक ताईंचा प्रश्न आलाय. अमेरिकेतल्या निवडणुकीची बातमी मराठीत करताना त्यांनी ‘फायलिंग फी’ला, म्हणजे उमेदवाराने अर्ज दाखल करताना भरायच्या पैशांना, ‘अनामत रक्कम’ म्हटलं. वरिष्ठांनी ते खोडून ‘अर्ज शुल्क’ केलं. बरोबर कोण?

अनामत खोडली ते योग्यच झालं. तिच्या जागी जे बसवलं ते मात्र मला अर्धंच पटलं.

आपल्याकडे उमेदवार पैसे देतो ते ठेव म्हणून. लोकसभेला २५,००० रुपये, विधानसभेला १०,०००. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला निम्मे. तो निवडून आला किंवा एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं त्याला पडली, तर पैसे परत, नाहीतर सरकारजमा. वैध मतं १,२०,००० असतील तर वीस हजारांच्या वर एक तरी मत हवं, बरोब्बर वीस हजारांवर भागत नाही. अमेरिकेत हा हिशेबच वेगळा. कॅलिफोर्नियात प्रतिनिधीगृहाच्या जागेसाठी त्या पदाच्या वार्षिक पगाराचा एक टक्का भरावा लागतो, म्हणजे १,७४,००० डॉलरवर १,७४० डॉलर. फ्लोरिडात पक्षाच्या उमेदवाराला सगळं मिळून सहा टक्के. मतं किती का पडेनात, निकालानंतर ते पैसे परत येत नाहीत. लॉस एंजेलिस काउंटीतल्या एका पदासाठी ७०१ डॉलर ६० सेंट भरायची ऐपत नाही म्हणून एक उमेदवार थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘ल्युबिन विरुद्ध पॅनिश’ हा तो १९७४ चा खटला. ज्याच्याकडे पैसेच नाहीत त्याला दुसरी वाट न ठेवता फी मागता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं.

तेव्हा परत मिळण्याची शक्यता असेल ती अनामत, नसेल ते शुल्क. अनामत ‘ठेवतात’ आणि शुल्क ‘भरतात’ असाही भेद सांगता आला असता, पण अर्ज भरायच्या दिवशी सगळेच ‘अनामत भरली’ म्हणतात, त्यामुळे त्या क्रियापदावर विसंबू नये. शेवटचं क्रियापद बघावं. अनामत जप्त होते. शुल्क जप्त झालं असं कुणी म्हणून दाखवावं!

अनामत हा शब्द मोठा गमतीचा आहे. मूळ अरबी ‘अमानत’, विश्वासाने सोपवलेली वस्तू. हिंदीत तो तसाच राहिला, मराठीत ‘म’ आणि ‘न’ यांनी जागा बदलल्या. नुकसानचं नुसकान आणि मतलबचं मतबल होतं, त्यातलाच प्रकार; फक्त त्या दोघांना आपण अशुद्ध म्हणून हसतो आणि अनामत मात्र सरकारी पावतीवर छापतो. हीच अदलाबदल गुजरातीतही झाली, पण तिथे अनामत म्हणजे आरक्षण. २०१५ चं पाटीदार अनामत आंदोलन आठवा. ‘बाजूला राखून ठेवलेलं’ हा धागा एकच, आपण पैसे राखले आणि त्यांनी जागा. आमच्या मुलुंडच्या इमारतीतले गुजराती काका एकदा मराठी पेपरातला ‘अनामत जप्त’ हा मथळा बघून दचकले होते. ‘आरक्षण काढून टाकलं की काय?’

हिंदीत निवडणुकीतली ठेव म्हणजे ‘जमानत’. हा शब्द वेगळा, जामीन या शब्दाच्या घरातला. त्यामुळे हिंदी बातमी घाईत मराठीत आणली की टीव्हीच्या पट्टीवर ‘उमेदवाराचा जामीन जप्त’ असं झळकतं आणि बिचारा उमेदवार आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो.

बोलण्यात अर्थात मुंबईकर डिपॉझिटच म्हणतो. भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट, गॅसचं डिपॉझिट, तसंच हे. आमच्या जुन्या चाळीतला एक मित्र विधानसभेला अपक्ष उभा राहिला होता. अपक्षाला दहा सूचक लागतात, त्यातला मी एक. त्याने नोटा दोनदा मोजून दिल्या, पावती घडी करून खिशात ठेवली. पावतीवर ‘अनामत’ होतं, पण निकालाच्या संध्याकाळी तो शब्द चाळीत कुणाच्या तोंडी आला नाही. ‘भाऊचं डिपॉझिट गुल’, बस्स. दिवे गुल होतात, तसंच. त्याची आई तेवढी म्हणाली, ‘दहा हजारांत फ्रीज आला असता.’

आता ‘अर्ज शुल्क’. ते अर्धंच पटलं, कारण आपल्याकडे पक्षही तिकिटासाठी इच्छुकांकडून अर्जासोबत पैसे घेतात, आणि मराठी वाचकाला आधी तेच आठवेल. शिवाय नुसत्या अर्ज शुल्काने नोकरीचा किंवा कॉलेजचा फॉर्म डोळ्यांपुढे येतो. मी ‘उमेदवारी शुल्क’ लिहीन, आणि बातमीत पहिल्यांदा येईल तिथे मागे ‘परत न मिळणारं’ जोडीन. ‘नामनिर्देशन शुल्क’ही चालेल, पण ते वाचून दाखवणाऱ्या निवेदिकेची जरा दया करा.