वर्षानुवर्षं चळवळीत राहूनही काहीच बदलत नाही असं वाटू लागलं, तर कसं सावरायचं?

तुम्ही लिहिलंय, अकरा वर्षं संघटनेचं काम करताय, बैठकीला तेच सहा-सात चेहरे असतात आणि हल्ली घरातून निघण्याआधीच 'कशाला जायचं?' असं होतं. मलाही हे अधूनमधून होतं, आणि मी अजून जाते. मध्ये चौदा महिने गेले नव्हते, तेही सांगायला हवं.

तेव्हा आमची सह्यांची मोहीम फसली होती. दोन वर्षं दारोदार फिरून जमवलेलं निवेदन साहेबांनी न उघडता बाजूला सारलं. माझा या कामावरचा विश्वासच उडाला, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. खोटं होतं ते. मी दमले होते, एवढंच. पण 'झोप हवी' म्हणण्यापेक्षा 'मार्गच चुकलाय' म्हणणं जरा मानाचं वाटतं ना!

म्हणून आधी सुट्टी घ्या, शंकेचं नंतर बघू. सांगूनसवरून घ्या, किल्ल्या, हिशेबाची वही, फोन नंबरांची यादी दुसऱ्याकडे देऊन. ताजेतवाने झाल्यावरही शंका तशीच असेल, तर ती बैठकीत मांडा. निष्ठेपायी शंका गिळत राहिलेले कार्यकर्ते एक दिवस न सांगता नाहीसे होतात. मी असे बरेच पाहिलेत.

ब्रिटनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारा थॉमस क्लार्कसन मला या बाबतीत जवळचा वाटतो. १७८७ मध्ये समिती झाली तेव्हा सगळे मिळून बारा जण. हा गडी घोड्यावरून बंदरोबंदरी फिरून खलाशांच्या साक्षी गोळा करायचा. १७९१ मध्ये प्रस्ताव संसदेत ८८ विरुद्ध १६३ मतांनी पडला. १७९४ पर्यंत त्याची तब्येत पार ढासळली आणि तो बाजूला झाला. मग शेती केली, लग्न केलं. १८०४ च्या सुमारास पुन्हा कामाला लागला. व्यापारबंदीचा कायदा १८०७ मध्ये झाला. गुलामगिरीच रद्द करणारा कायदा यायला १८३३ उजाडलं. त्याची ती मधली दहा वर्षं सहसा एका ओळीत उरकली जातात. मला मात्र तीच वाचायला आवडली असती.

दुसरी गोष्ट मोजमापाची. मोर्चाला किती आले, मागणी मान्य झाली का, एवढंच आपण मोजतो, आणि यातलं फारसं काही आपल्या हातात नसतं. मी आता वहीत वेगळंच टिपते: यंदा बैठकीत पहिल्यांदा कोण बोललं, कोणतं काम मला न विचारता पार पडलं. एका वर्षी ते पान कोरं राहिलं. फार लागलं मनाला. पण त्यातूनच कळलं की आम्ही घरोघर जाऊन नुसती पत्रकं वाटत होतो, समोरच्याला काय म्हणायचंय ते विचारतच नव्हतो. म्हणजे आपलं काहीतरी चुकतंय ही शंका या वेळी खरी निघाली. आम्ही पत्रकं निम्मी केली आणि प्रत्येक दारात जरा जास्त वेळ थांबू लागलो. माणसं लगेच वाढली नाहीत, पण पुढच्या वर्षी पानावर तीन नावं होती.

तुमच्या त्या सहा-सात जणांपैकी किल्ल्या कोणाकडे द्याल? नाव पटकन सुचलं तर उद्याच त्यांना फोन करा. नाही सुचलं, तर पुढच्या बैठकीचा विषय मिळाला.