आजीच्या पदराआड लपणारा भाऊ आणि संशोधन पद्धतीचा पेपर

बीड जिल्ह्यातून एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला तिने मानसशास्त्र घेतलंय. ती लिहिते: 'मॅडम, मैत्रिणी मला मनातलं सांगतात, म्हणून मी हा विषय घेतला. पण वर्गात स्मृतीचे प्रयोग आणि संशोधन पद्धती चालू आहेत, त्यांचा काय उपयोग? चल (व्हेरिएबल), नियंत्रित गट, सहसंबंध, सगळं डोक्यावरून जातं. संदर्भाची पुस्तकं इंग्रजीत. विषय बदलू का? घरचे म्हणतात, भरतीची तयारी कर. दुसरं म्हणजे, अटॅचमेंटचा, म्हणजे मूल माणसाला कसं जडतं याचा, धडा वाचल्यापासून मला झोप लागत नाही. आई-बाबा दरवर्षी ऊसतोडीला जातात. माझा भाऊ दोन वर्षांचा असल्यापासून सहा-सहा महिने आजीपाशी राहिला. आई परत आली की तो आजीच्या पदराआड लपायचा, आई रडायची. आमच्या नोट्समध्ये लिहिलंय, लहानपणी आई दुरावली तर मुलाच्या मनावर कायमचा परिणाम होतो. तो आता दहा वर्षांचा आहे. त्याचं नुकसान झालंय का? आणि प्रोजेक्टला विषय काय घेऊ? संख्याशास्त्राची भीती वाटते, मुकादम आगाऊ देतो त्या उचलीचा घरचा हिशोब मात्र मीच ठेवते.'

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. भावाचं आधी बोलू. विषय बदलायचा की नाही, ते बोलता बोलता आपोआप पुढे येईल.

तुझ्या नोट्समधलं ते वाक्य जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाच्या कामावरून आलंय. 1944 साली त्याने लंडनच्या एका बालमार्गदर्शन केंद्रात आलेल्या 44 चोरी करणाऱ्या मुलांचा अभ्यास छापला. त्यातल्या 14 मुलांना कुणाबद्दलच माया वाटत नाही, असं त्याचं निदान होतं. या 14 पैकी 12 जण अगदी लहानपणी आईपासून बराच काळ लांब राहिलेले होते. उरलेल्या 30 चोरांत अशी मुलं फक्त 5 होती. आकडे वाचून पोटात गोळा येतो, तुला आला तसा.

पण हे आकडे मिळाले कसे, ते बघ. मुलाखती बोल्बीने घेतल्या, निदानही त्यानेच केलं. मनात आधीच एक कल्पना असलेला माणूस तीच शोधत जातो, जाणूनबुजून नाही, तरी जातो. मुलांचं बालपण कसं गेलं, ही माहिती बरीचशी घरच्यांच्या आठवणीतून आली, म्हणजे वर्षांनुवर्षं जुन्या आठवणीतून. तुलनेसाठी घेतलेली दुसरी 44 मुलंसुद्धा त्याच केंद्रात भावनिक त्रासासाठी आलेली होती. शाळेत जाणारी, खेळणारी, साधी मुलं त्यात नव्हतीच. आणि आईपासून दूर गेलेली मुलं नेमकी कुठे राहिली? कुणी महिनोन्‌महिने इस्पितळात, कुणी एका पालक-घरातून दुसऱ्यात. आई नव्हती हे खरं. पण तिच्या जागी त्यांचं असं दुसरं कुणीही नव्हतं.

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांब. 1969 साली जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या जोडप्याने जॉन नावाच्या 17 महिन्यांच्या मुलाचं चित्रण केलं. आई बाळंतपणासाठी गेली आणि जॉन 9 दिवस एका निवासी पाळणाघरात राहिला. दाया वाईट नव्हत्या, पण पाळीप्रमाणे बदलायच्या. तो एकीच्या मांडीपाशी जायचा, तोवर जास्त दांडगाई करणारं दुसरं मूल तिथे पोचलेलं असायचं. हळूहळू त्याने जेवण सोडलं, एका मोठ्या अस्वलाच्या खेळण्याला बिलगून पडून राहू लागला. नवव्या दिवशी आई आली तेव्हा तो तिच्याकडे गेला नाही. याच जोडप्याने तशाच प्रसंगात सापडलेली काही मुलं स्वतःच्या घरी ठेवून घेतली. घर एक, माणसं तीच, मुलाच्या सवयी सांभाळलेल्या, आईची आठवण रोज काढलेली. ती मुलंही कष्टी झाली, पण जॉनसारखी कोसळली नाहीत. दुरावा दोघांच्याही वाट्याला आला होता. सांभाळणारं एक माणूस मात्र सगळ्यांच्या वाट्याला आलं नव्हतं.

तुझा भाऊ आजीच्या पदराआड लपायचा, असं तू लिहिलंस. लपायला त्याला पदर होता, हे तुझ्या लक्षात आलं का?

आई परत आल्यावर लहान मूल तिला ओळखच देत नाही, रुसतं, तोंड फिरवतं, हे रॉबर्टसनने अनेक मुलांत पाहिलं होतं. ते प्रेम संपल्याचं लक्षण मानू नये. तुझ्या आईला हे समजेल अशा शब्दांत सांग, कारण ती त्या लपण्याचा अर्थ बहुतेक उलटा लावत असणार. तिने मूल टाकलं नव्हतं. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती मागे राहिली असती तर अर्धा कोयता झाला असता आणि उचलही अर्धीच झाली असती. हे मी तुला सांगायला नको.

1972 साली मायकेल रटर या संशोधकाने बोल्बीचं म्हणणं पुन्हा तपासलं. बंध जुळून नंतर काही काळ तुटणं वेगळं आणि मुळात कुणाशीच बंध न जुळणं वेगळं, हा फरक त्याने नीट मांडला. त्याआधी 1964 साली ग्लासगोतल्या 60 बाळांचा अभ्यास छापला गेला होता. दीड वर्षाची होईपर्यंत त्यातली बहुतेक बाळं एकापेक्षा जास्त माणसांना जडलेली होती: आई, बाप, आजी, शेजारीण. आपल्या वाड्या-वस्त्यांवर हे कुणाला सांगावं लागत नाही, पण पुस्तकात यायला ते मोजावं लागलं.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं प्रामाणिक उत्तर असं. आई सहा महिने नसणं ही लहान मुलासाठी छोटी गोष्ट नाही, त्याला दुःख झालंच असणार. पण 'कायमचा परिणाम होतोच' असं म्हणायला त्या अभ्यासात आधार नाही, आणि ज्याच्यापाशी आजी होती त्याच्याबाबतीत तर नाहीच. आज तो कसा आहे ते बघ. मित्र आहेत का, रागावला तर शांत होतो का, लागलं-खुपलं तर कुणाकडे जातो. झोप, जेवण, शाळा यांत काही खटकत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीत, मोफत बोलता येतं. त्याच्या शाळेची हेळसांड होत असेल तर ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, समाजकल्याणच्या कार्यालयात चौकशी कर.

आता तुझा पेपर. बोल्बीचे आकडे हातात घेऊन आपण काय विचारलं? माहिती कुणी गोळा केली, कशी केली, तुलना कुणाशी केली, दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली का, की तिसरंच काही कारण होतं. पूर्वग्रह, नियंत्रित गट, सहसंबंध आणि कार्यकारण, गोंधळ करणारा चल. डोक्यावरून जाणारा तुझा धडा तो हाच. ज्या वाक्याने तुझी झोप उडवली, ते याच धड्याने तपासता आलं. उद्या तुझ्यासमोर एखादी आई बसेल आणि विचारेल, 'माझ्यामुळे झालं का हो?' तेव्हा तुला उत्तर द्यायचंय. मैत्रिणी मनातलं सांगतात ही तुझी देणगी आहे, तिचा मान ठेव. पण ऐकून घेणारं माणूस प्रत्येक गल्लीत असतं. ऐकलेलं तपासता येणं शिकावं लागतं, आणि ते शिकण्यासाठीच कॉलेज आहे.

स्मृतीचे प्रयोग कशाला, असंही तू विचारलंस. समुपदेशक म्हणून माझ्या सुरुवातीच्या वर्षांतला एक मुलगा सांगते. सातवीतला, गप्प गप्प. मी त्याला विचारलं, 'बाबा घरी खूप ओरडतात ना?' त्याने मान हलवली. मी पुन्हा त्याच धर्तीचे तीन-चार प्रश्न विचारले, त्याने प्रत्येकाला मान हलवली आणि शेवटी बाबांचा एक प्रसंगही सांगितला. महिनाभराने कळलं, वडील त्या काळात गावातच नव्हते. शर्टाच्या बटणाशी चाळा करत 'हो' म्हणणारा तो मुलगा मला अजून दिसतो. तो खोटं बोलत नव्हता. माझ्या प्रश्नातच उत्तर होतं, ते त्याने उचललं.

हे मला आधीच माहीत असायला हवं होतं, कारण एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा 1974 सालचा प्रयोग मी परीक्षेसाठी पाठ केला होता. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली आणि वेग विचारला. प्रश्नात फक्त एक क्रियापद बदललं. गाड्या एकमेकींवर 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता, असं विचारल्यावर सरासरी उत्तर आलं ताशी सुमारे 41 मैल. 'टेकल्या' म्हटल्यावर सुमारे 32. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? काच फुटलेलीच नव्हती. 'आदळल्या' ऐकलेल्या 50 जणांपैकी 16 जण हो म्हणाले, 'धडकल्या' ऐकलेल्या 50 पैकी 7. समुपदेशकाच्या तोंडचा एक शब्द समोरच्याच्या आठवणीत काच फोडू शकतो. स्मृतीचा धडा मला म्हणूनच सगळ्यात मोलाचा वाटतो.

अभ्यासालाही तो कामाला येतो. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली छापलेल्या प्रयोगांत प्रयोगकर्ताही तोच होता आणि प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो, तोही तोच. निरर्थक अक्षरजोड्यांच्या याद्या तो पाठ करायचा आणि काही काळाने पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचा. 20 मिनिटांनी 58 टक्के वेळ वाचला, एका दिवसाने 34 टक्के, 31 दिवसांनी 21 टक्के. म्हणजे विसरणं सगळ्यात वेगाने होतं ते पहिल्याच दिवशी, नंतर उतार मंदावतो. त्यामुळे तास झाला त्याच संध्याकाळी वही मिटून, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिही. नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा असं आठवून लिहिणं आठवड्यानंतर जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 साली दाखवलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर मात्र पुन्हा वाचणारेच पुढे होते. म्हणून तर वाचून झाल्यावर सगळं येतंय असं वाटतं आणि पेपरात हात थांबतो.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नकोस. एका वहीत डावीकडे इंग्रजी संज्ञा, उजवीकडे तुझ्या शब्दांत अर्थ आणि घरातलं एक उदाहरण. वर्षभरात दीड-दोनशे संज्ञा होतील, पहिल्या दोन वर्षांना तेवढ्या पुरतात. आणि संख्याशास्त्राला घाबरतेस? पत्राच्या शेवटी तूच लिहिलंस, मुकादमाकडची उचल, टनेज आणि फिटलेल्या रकमेचा हिशोब तू ठेवतेस. त्या हिशोबात चूक झाली तर घराला महागात पडतं, तरी तू तो करतेस. सरासरी आणि सहसंबंध त्याहून अवघड नाहीत.

आता वाट. नुसत्या बी.ए.वर समुपदेशक होता येत नाही, हे आत्ताच ध्यानात घे. एम.ए. करावं लागेल. रुग्णांसोबत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी लागते. या अभ्यासक्रमांचे नियम सध्या बदलताहेत, त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या संस्थेचं नाव परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः बघ. काही आठवड्यांत 'समुपदेशक' बनवणाऱ्या प्रमाणपत्रांच्या नादी लागू नकोस. एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करून मनोसामाजिक कार्याकडेही जाता येतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ता दोघंही असतात. तुझ्या जिल्हा रुग्णालयात तो विभाग आहे का, एकदा जाऊन बघून ये. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर वेळेत भर, मुदत टळली की कुणी ऐकत नाही.

घरच्यांशी भांडू नकोस. आई-बाबांना महिन्याचा पगार दिसायला हवा, आणि त्यांचं चूक नाही. त्यांना सांग, पदवी तर अनेक भरत्यांनाही लागते, आणि यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत मानसशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे. पदवी होईपर्यंत दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. तेव्हा विषय बदलू नकोस.

प्रोजेक्टचं तुझ्या घरातच आहे. 1988 साली आठ देशांतल्या 32 अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून जगभरची बाळं आईशी कशी जडतात ते तपासलं गेलं. अर्ध्याहून जास्त अभ्यास अमेरिकेतले होते. भारत त्यात नव्हता. आई-बाप कारखान्यावर गेल्यावर नातवंडं सांभाळणाऱ्या तुमच्या वस्तीवरच्या पाच-सहा आज्यांच्या मुलाखती घे. आधी परवानगी घे, वहीत कुणाचं नाव लिहू नकोस, आणि आठवण जुनी आहे हे अहवालात स्पष्ट नोंदव. पाच-सहा मुलाखतींवरून साऱ्या बीडबद्दल काही सिद्ध होणार नाही, तेही लिही. सुरुवात स्वतःच्या आजीपासून कर. 'पोरगं खूप रडायचं का गं?' असं विचारू नकोस. 'आजी, आई-बाबा गेले त्या पहिल्या रात्री काय काय झालं?' एवढंच विचार, आणि ती बोलेपर्यंत थांब.